गाऊनचं पेटंट घ्यावं का, नलू?

इचलकरंजी

प्रिय नलू,

तुझं पाकीट मिळालं. गाऊनचे फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि भिंग घेऊन खांद्याची शिवण पाहत बसले. हात वर न उचलता, माणसाला कुशीवर न लोटता अंगात घालता येणारा गाऊन तू घरच्या मशिनवर शिवलास. तुझ्या वृद्धाश्रमातल्या ज्या आजोबांचा डावा हात लकव्याने छातीशी आखडून गेलाय, ते आता सकाळी कपडे बदलताना ओरडत नाहीत, असंही लिहिलंस. ती ओळ मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

तुझ्या घरी ओंकार म्हणतो पेटंट घे, विनायकराव म्हणतात त्या भानगडीत पडू नकोस, आणि तू मला विचारतेस, कारण कापडाचं शिक्षण आपण एकत्र घेतलं आणि तू पुढे वेगळ्या वाटेला गेलीस. मी वकील नाही. पण पेटंटाचे कागद वाचायची मला मनापासून आवड आहे आणि या प्रश्नावर मला पुष्कळ बोलायचं आहे, तेव्हा हे पत्र लांबणार. चहा घेऊन बस.

आधी एक कटू गोष्ट सांगून टाकते. बाजूने किंवा पाठीमागून उघडणारे, आजारी माणसांसाठीचे कपडे जगात आधीपासून आहेत. त्यांची पेटंटं आहेत, दुकानंही आहेत. ‘हात न उचलता घालायचा गाऊन’ एवढ्या कल्पनेवर तुला कुणी काही देणार नाही. पण तू बाहीची नळी शिवलीच नाहीस. बगलेखालून एक सपाट पट्टा आणून तो हातावरून खांद्यापर्यंत गुंडाळलास आणि बगलेत एक कळी घातलीस, म्हणून हात कितीही आखडलेला असला तरी कापड ओढलं जात नाही. ती कळी आणि तो पट्टा मी तरी कुठे पाहिलेला नाही. तुझं काही असेल तर तेवढंच.

पेटंटाच्या कागदात चित्रं असतात, वर्णन असतं आणि शेवटी दावे असतात. लोक चित्रं पाहतात, पण हक्क ठरतो तो दाव्यांच्या शब्दांनी. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, तसेच हे दावे असतात. सीमा फार लांब टाकली तर ती आधीच्या कुणाच्या तरी रानात जाते आणि अर्ज फेटाळला जातो. फार आत घेतली तर शेजारी एक टाका बदलून तुझाच गाऊन विकतो. तपासणारा अधिकारी तीन गोष्टी पाहतो: वस्तू नवी आहे का, त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला ती सहज सुचली असती का, आणि ती प्रत्यक्ष बनवून वापरता येते का. तुझी कसोटी लागेल ती दुसऱ्या प्रश्नाला. ‘कुठल्याही शिंप्याला कळी सुचली असती,’ असं तो म्हणेल. त्यावर, मग इतकी वर्षं कुणाला का सुचली नाही, हे तुला दाखवून द्यावं लागेल.

तुझ्या गाऊनच्या खांद्यावर जो वेल्क्रो आहे, त्याच्याबद्दल थोडं सांगते. जॉर्ज द मेस्त्राल हा स्विस इंजिनिअर १९४१ साली कुत्र्याला घेऊन डोंगरात हिंडून आला, तेव्हा कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी बोंडं चिकटली होती. बांधावरून चालताना आपल्या परकराला चिकटायची तसलीच. त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, टोकाला बारीक आकडे दिसले. गोष्ट सगळे इथवरच सांगतात. मला मात्र त्याच्या पुढच्या वर्षांत रस आहे, कारण पुढचं सगळं काम विणकराचं आहे.

कापडाच्या पट्टीवर आकडे उभे करायचे कसे? फ्रान्समधल्या लियाँच्या एका विणकराने त्याला सुती पट्ट्या विणून दिल्या. त्या चिकटायच्या, पण लवकरच झिजायच्या. मग नायलॉन आलं. नायलॉनच्या धाग्याचे फास उभे विणून अवरक्त किरणांच्या उष्णतेखाली धरले तर त्यांचा आकार कायमचा घट्ट बसतो, हे त्याला सापडलं. फासांची पट्टी तयार झाली. पण आकड्यांच्या पट्टीसाठी प्रत्येक फास एका बाजूला, नेमक्या जागी कापायला हवा, म्हणजे उरलेल्या भागाचा आकडा होतो. हजारो फास, आणि प्रत्येक कापायचा तो टोकाजवळच! यात त्याची वर्षं गेली. शेवटी केस कापायच्या यंत्रासारखी दातेरी पाती वापरून ते साधलं. अमेरिकेतलं पेटंट मिळालं १९५५ मध्ये. कागदावर वस्तूचं नाव काय आहे ठाऊक आहे? मखमली जातीचं कापड आणि ते बनवण्याची पद्धत. म्हणजे कायद्याच्या लेखी तुझ्या गाऊनवर मखमल आहे! मला हे वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू.

त्याचं पेटंट सत्तरच्या दशकात संपलं. वेल्क्रो हे नाव अजून कंपनीचं आहे, पण आकडे आणि फासांची ती पट्टी कुणीही विणू शकतं. पेटंटाचा मूळ करारच असा आहे की मुदतीपुरता हक्क तुझा, पण बदल्यात वस्तू कशी बनते ते सगळ्यांसमोर उघडं लिहून ठेवायचं. आज तुमच्याकडे कॅनडात आणि आमच्याकडे भारतातही ही मुदत अर्जापासून २० वर्षांची आहे. आमच्या कानावर लहानपणापासून काय आलं? अमक्या वैद्याचं औषध त्याच्याबरोबर गेलं, तमक्या रंगाऱ्याचा पक्का लाल रंग त्याच्या मुलालाही जमला नाही. लिहून ठेवायची सक्ती असलेला हा करार मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

आता तुझ्यासारख्याच एका बाईची गोष्ट सांगते. मॅरियन डोनोवन. वडील आणि काका यंत्रांचा कारखाना चालवत, त्यामुळे पोर लेथच्या आवाजात वाढलेली. लग्नानंतर कनेक्टिकटमध्ये राहायची. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. तेव्हा बाळांना कापडी लंगोट असायचा आणि त्यावर रबरी चड्डी. रबराने ओल बाहेर येत नसे, पण कातडी सोलवटून निघायची. लंगोट नुसता ठेवला तर दुपटं, गादी, सगळं भिजायचं. मॅरियनने न्हाणीघरातला पडदा काढला, कापला आणि मशिनवर शिवला. एकावर एक नमुने करत गेली. पुढे पडद्याऐवजी पॅराशूटचं नायलॉन वापरलं, आणि सेफ्टी पिनांच्या जागी टिचबटणं लावली, म्हणजे बाळाला टोचायची भीती नाही. रबर नाही म्हणून हवा खेळती, आणि तरी ओल आतच.

ती कारखानदारांकडे गेली. त्यांनी सांगितलं की याला गिऱ्हाईक नाही, बायका असलं काही मागत नाहीत. मागत नाहीत! ज्यांनी आयुष्यात एकही लंगोट पिळला नसेल, ते हे ठरवत होते. मग तिने स्वतःच बनवून घेतले आणि १९४९ साली न्यूयॉर्कच्या साक्स फिफ्थ अव्हेन्यू या बड्या दुकानात विकायला ठेवले. ते हातोहात खपले. १९५१ मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी तिने हक्क दहा लाख डॉलरला विकून टाकले. पुढे वापरून फेकून द्यायच्या कागदी लंगोटाची कल्पना घेऊन ती पुन्हा दारोदार हिंडली, तेव्हा मात्र कुणी दाद दिली नाही. पॅम्पर्स बाजारात आलं ते १९६१ मध्ये, दुसऱ्यांकडून. तिने १९५८ मध्ये येल विद्यापीठातून वास्तुकलेची पदवी घेतली आणि शेवटपर्यंत काही ना काही बनवत राहिली. तिच्या नावावर वीसेक पेटंटं आहेत.

तिच्या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की आधी तिने माल विकला. कागद हातात पडला तेव्हा बोलणी करायला तिच्याकडे पेटंटासोबत दुकानातल्या खपाचे आकडेही होते. तुझ्या बाबतीतही असंच व्हावं असं मला वाटतं.

पण सगळ्यांचं तसं होत नाही. बेसी ब्लाउंट हे नाव तू ऐकलंयस का? तुझ्या पेशात तिचं नाव प्रत्येकीला ठाऊक असायला हवं. १९१४ साली व्हर्जिनियातल्या हिकरी गावात जन्मलेली कृष्णवर्णीय मुलगी. डावखुरी होती म्हणून शाळेत बाईंनी बोटांवर छडी मारली. मुलीने उजव्या हाताने लिहायला शिकून घेतलं, आणि इतकी पेटली की दातांत पेन्सिल धरून आणि पायाच्या बोटांनीही लिहायला शिकली. पुढे ती फिजिओथेरपिस्ट झाली, आणि महायुद्धात हात गमावलेले सैनिक तिच्यासमोर आले. जे लहानपणी चिडून शिकली, तेच तिने त्यांना शिकवलं.

तिच्या लक्षात आलं की त्या जवानांना सर्वांत जास्त जिव्हारी लागतं ते दुसऱ्याच्या हाताने घास घेणं. भरवणाऱ्याच्या वेगाने खायचं, त्याला घाई असेल तर आपणही घाईने गिळायचं. तुझ्या वृद्धाश्रमात हे तू रोज पाहतेस. बेसीने घरच्या स्वयंपाकघरात, रात्री जागून एक यंत्र तयार केलं. तोंडाशी नळी, ती दातांनी चावली की एक घास येतो. पुढचा घास हवा असेल तेव्हाच पुन्हा चावायचं. खाण्याचा वेग खाणाऱ्याच्या ताब्यात! याशिवाय गळ्यात अडकवून वाटी किंवा पेला धरून ठेवणारा एक आधार तिने बनवला. त्याचं पेटंट तिला १९५१ मध्ये मिळालं.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने तिचं यंत्र घेतलं नाही. ज्या जवानांसाठी ते बनवलं, त्यांच्याच खात्याने. शेवटी तिने हक्क फ्रान्सच्या सरकारला देऊन टाकले, मोबदला न घेता. पुढे कागदाचा लगदा भाजून तिने ओकारीसाठीचं वापरून टाकायचं भांडं बनवलं, त्यालाही तिच्या देशात नकार मिळाला आणि ते बेल्जियमच्या रुग्णालयांनी उचललं. मला तिचा राग मनापासून समजतो आणि तिचं देऊन टाकणंही समजतं. वस्तू कपाटात धूळ खात पडण्यापेक्षा कुठल्यातरी देशातल्या एका माणसाने आपला घास आपल्या मर्जीने खावा, हे तिला पैशाहून मोठं वाटलं असणार.

तर नलू, माझा तुला पहिला प्रश्न हाच आहे: हा कागद तुला कशासाठी हवाय? डोनोवनसारखा विकण्यासाठी? ब्लाउंटसारखा देऊन टाकण्यासाठी? की उद्या एखादी कंपनी तुझीच कळी स्वतःच्या नावावर करून तुलाच शिवायला बंदी घालेल, ते टाळण्यासाठी? शेवटचंच कारण असेल तर पेटंटाची गरजच नाही. आकृत्या आणि मापांसह सगळं तारीखवार छापून प्रसिद्ध कर. एकदा जगासमोर आलं की ती कळी ‘नवी’ म्हणून दुसऱ्या कुणालाही मिळवता येत नाही. यात तुझा खर्च जवळजवळ नाही. पण मग विकण्याची वाट बहुतेक बंद होते, म्हणून हे आधी ठरवायला हवं. पेटंट घेणारे खूप जण हे ठरवण्याआधीच अर्ज करतात, असं मला वाचताना वारंवार जाणवलंय.

कागद असला तरी वस्तू घेणारा कुणीतरी लागतो, याचं दुःख आपल्या माणसांनीही भोगलंय. मुंबईचे शंकर आबाजी भिसे आठव. जन्म १८६७. किराणा माल आपोआप तोलून देणारं यंत्र करून त्यांनी लंडनमधली एक स्पर्धा जिंकली आणि ते तिकडे गेले. दादाभाई नौरोजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. छापखान्यासाठी अक्षरांचे खिळे झपाट्याने ओतणारं यंत्र हे त्यांचं आयुष्यभराचं काम. पुढे रतनजी टाटांनी भांडवल घातलं, कंपनी निघाली, आणि काही वर्षांतच ती मिटली. भिसे अमेरिकेला गेले, तिथे खिळ्यांच्या यंत्रावर पुन्हा खपले, आयोडीनचं एक औषध काढलं, आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच वारले. तराजू, छपाई, औषध, धुण्याची पावडर, काय काय केलं त्या माणसाने! लोक त्यांना भारताचा एडिसन म्हणत. पण एडिसनजवळ प्रयोगशाळा होती, कामगार होते, पैसेवाल्यांची रांग होती. परक्या देशात, दुसऱ्याच्या भांडवलावर, जुन्या कारखान्यांशी स्पर्धा करणाऱ्या एकट्या मराठी माणसाजवळ पेटंटांच्या चळतीपलीकडे फारसं काही नव्हतं. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक धडा हवा, असं मला नेहमी वाटतं.

टॉमस फोगार्टींची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यात शिवणकामाला लागतो तसा हात आहे. सिनसिनाटीतल्या एका रुग्णालयात हा मुलगा शाळेत असल्यापासून कामाला जायचा आणि पुढे शस्त्रक्रियेच्या खोलीत मदतनीस झाला. पायाच्या धमनीत रक्ताची गाठ अडकली की तेव्हा लांबलचक चिरा देऊन ती काढत. पाय जायचा, कित्येकदा माणूसही. त्याने विचार केला, बारीक नळी गाठीच्या पलीकडे न्यावी, टोकाचा फुगा फुगवावा आणि नळी मागे ओढत गाठ बाहेर काढावी. फुगा केला रबरी हातमोज्याच्या बोटाचं टोक कापून. पण ते रबर नळीला चिकटेना. तेव्हा कुठलाही गोंद त्याला धरत नव्हता. फोगार्टीला लहानपणापासून मासेमारीचा नाद. गळाला लावायच्या नकली माश्या बारीक दोऱ्याने बांधतात, त्या गाठी त्याच्या बोटांत होत्या. त्याच गाठींनी त्याने फुगा नळीला बांधला! कंपन्यांनी बरीच वर्षं नकार दिला, म्हणून तो स्वतःच नळ्या बांधून ओळखीच्या सर्जनांना द्यायचा. १९६१ पासून माणसांवर वापर सुरू झाला. पेटंट मिळालं १९६९ मध्ये. आज ती नळी त्याच्याच नावाने ओळखली जाते.

आणि आता ज्यांच्याबद्दल लिहिताना माझे डोळे भरून येतात ते चिंताकिंदी मल्लेशम. तेलंगणातले पोचमपल्ली साड्या विणणाऱ्या घरातले. सहावीत शाळा सुटली. पोचमपल्लीची साडी तू नेसली आहेस. तिच्यात नक्षी विणण्याआधी धाग्यालाच गाठी मारून रंगवतात, हे तुला ठाऊक आहेच. पण गाठी मारण्यापूर्वी तो धागा अर्धगोलातल्या खुंट्यांवर पुन्हा पुन्हा फिरवून मांडावा लागतो. त्याला तिकडे आसू म्हणतात. एका साडीसाठी हात सुमारे ९००० वेळा पुढे-मागे करायचा. हे काम घरातल्या बाईचं. मल्लेशमांची आई लक्ष्मी ते करायची, आणि रात्री खांदा दुखतो म्हणून कळवळायची.

आपल्या गावात मागांच्या खडखडाटात कांड्या भरत बसलेल्या बायका आपण पाहिल्यात. त्यांचे खांदे, त्यांची मनगटं. मी मागांवर शिकले, विणीवर शिकले, उत्पादन किती टक्के वाढतं हेही शिकले. कांडी भरणाऱ्या बाईच्या खांद्याबद्दल एकाही पुस्तकात एक ओळ नव्हती. मल्लेशमांनी १९९२ च्या सुमारास यंत्राचा नाद धरला. कर्ज झालं, लोकांनी वेड्यात काढलं, बायकोसह हैदराबादला मजुरीला जावं लागलं. एकेक भाग जमत होता, पण धागा एका खुंटीवरून दुसरीवर नेणारी शेवटची चाल जमत नव्हती. मग तिथल्याच एका कारखान्यातल्या यंत्राची चाल पाहताना ती उलगडली. १९९९ मध्ये यंत्र पूर्ण झालं. चार-पाच तासांचं काम दीड तासावर आलं आणि बाईचा हात मोकळा झाला. यंत्राला नाव दिलं लक्ष्मी. पुढे हनी बी नेटवर्कच्या कार्यकर्त्यांनी त्यांना शोधलं, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने पेटंटाच्या कामात मदत केली, २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. पण माझ्या लेखी त्या यंत्राचा मोठा मान हा की ते विकत घेणारी माणसं शेजारच्या आळीतली होती.

कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनाथम यांच्याबद्दल लिहीत नाही, त्यांच्यावरचा सिनेमा तू पाहिलास. एवढंच आठवण करून देते की त्यांनी सॅनिटरी पॅडच्या यंत्राचे हक्क बड्या कंपनीला विकले नाहीत, यंत्रं बचत गटांना दिली. कागद स्वतःकडे ठेवून वस्तू पसरवायची, हीही एक वाट आहे.

आता तुझ्या कामाचं बोलू. दिवाळीला मराठी मंडळाच्या मेळ्यात गाऊनचा स्टॉल लावणार म्हणतेस. जरा थांब. कॅनडात आणि अमेरिकेत स्वतःच वस्तू जाहीर केली तरी अर्ज करायला १२ महिने मिळतात. युरोपात अशी सवलत जवळजवळ नाही आणि भारतात ती फारच अरुंद आहे. मंडळाच्या स्टॉलवर पन्नास जणींनी गाऊन हातात घेऊन उलटून पाहिला, फोटो काढून नातेवाइकांना पाठवले, की या दोन्हीकडचे दरवाजे बंद झाले समज. आजोबांना तो पहिल्यांदा कधी घातलास, ती तारीख वहीत लिही. कुणाकुणाला दाखवलास, तेही लिही. वहीची पानं सुटी नकोत, बांधलेली वही घे.

दुसरं, शोध. गूगल पेटंटवर फुकट शोधता येतं. ‘गाऊन’ या शब्दावर अडकू नकोस. डोनोवनच्या काळचे कागद असोत की आजचे, वकील मंडळी साध्या वस्तूला भलतंच नाव देतात. वेल्क्रोला मखमल म्हटलं तसं. ‘अंग झाकण्याचं वस्त्र’, ‘रुग्णाचं आवरण’, ‘बाहीचा उघडा भाग’ असे सगळे शब्द इंग्रजीत करून बघ. जवळचं एक पेटंट सापडलं की त्याने उल्लेखलेली आधीची पेटंटं वाच, मग त्यांच्या आधीची. एका शनिवारी बस, ओंकारला शेजारी बसव. दावे वाचताना प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचार, हे माझ्या गाऊनमध्ये आहे का? एक जरी अट तुझ्या गाऊनमध्ये नसली तरी तो दावा सहसा तुला अडवत नाही.

तिसरं, पैसा. भारतात एकट्या माणसाने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी १६०० रुपये. वकिलाची फी त्याच्या कित्येक पट. तुमच्याकडे दोन्ही जास्त. शिवाय पेटंट देशागणिक वेगळं. कॅनडातला कागद इचलकरंजीत चालत नाही. एका देशात अर्ज केला की १२ महिन्यांच्या आत दुसऱ्या देशात त्याच तारखेचा हक्क सांगता येतो, म्हणून पहिली तारीख महत्त्वाची. पुढे कागद जिवंत ठेवायला वर्षानुवर्षं फी भरावी लागते, नाही भरली की तो विझतो. कुणी जाहिरात करून ‘तुमचा शोध आम्ही विकून देतो, आधी एवढे भरा’ म्हणालं, तर फोन ठेवून दे. असल्या लोकांनी साध्या माणसांची घरं धुऊन नेली आहेत.

विनायकरावांना सांग, भानगड आहे हे खरं, पण कळीपुरती भानगड करायला हरकत नाही. माझं मत विचारशील तर आणखी आठ-दहा वेगवेगळ्या अंगाच्या माणसांवर गाऊन वापरून बघ, आश्रमाची रीतसर परवानगी आणि बघणाऱ्यांकडून गुप्ततेची लेखी कबुली घेऊन. उजवा हात आखडलेली बाई, खूप जाड माणूस, हाताला सलाईन लावलेला रुग्ण. कळी तिथेही चालली तर अर्ज कर. नाही चालली तर कळीचं माप बदलेल, आणि बदललेलं मापच कदाचित तुझा खरा शोध ठरेल.

एका गोष्टीची मात्र मला काळजी आहे, ती खांद्यावरच्या वेल्क्रोची. आश्रमाच्या लाँड्रीत कढत पाण्यात धुतात आणि मग गरम हवेत वाळवतात. तुझ्या फोटोतल्या तिसऱ्या गाऊनच्या आकड्यांत टॉवेलचे तंतू भरलेले मला भिंगातून दिसले. आकडे असे भरले की पकड जाते. शिवाय उघडी पट्टी धुताना दुसऱ्या कपड्यांचे धागे ओढते आणि आजोबांची कातडी पातळ असेल तर खरवडते. टिचबटणं टिकतात, पण संधिवाताच्या बोटांना दाबता येत नाहीत. चुंबक सोपे, पण छातीत पेसमेकर असलेल्या माणसाजवळ नकोत. कापडाचीच गुंडाळी, खिशात खोचायची लांब जीभ, असं काही जमेल का? आपल्या बाराबंदीला बंद असायचे, ते बसल्या बसल्या एका हाताने ओढले तरी सुटायचे. बंद एका हाताने बांधता मात्र येत नाहीत, तिथेच खरी अडचण आहे.

लाँड्रीत नेमकं किती तापमान असतं ते विचारून कळव. मी इथल्या एका मागवाल्याकडून सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडाचे तीन नमुने घेतलेत, वजनाने वेगवेगळे. कळीच्या मापाचा कागद पाठवलास की तिन्हींचा एकेक खांदा शिवून तीस धुण्यांनंतर कसा दिसतो ते बघते आणि फोटो धाडते. माप पाठवताना बगलेपासून कोपरापर्यंतचं अंतर हात आखडलेल्या स्थितीतच घे, सरळ करून नको.

तुझी,
कुंदा